विश्लेषण : एकमेकांच्या विरोधी गोटांतल्या देशांनी मिळून समुद्र कसा सावरला? काय आहे बाल्टिकचा ‘हेलसिंकी करार’?

२२ मार्च १९७४. फिनलंडची राजधानी हेलसिंकीमध्ये सात देशांनी एका करारावर सह्या केल्या. त्यात ‘नाटो’मधले डेन्मार्क आणि पश्चिम जर्मनी होते. त्यांच्या विरोधी गोटातले सोव्हिएत संघ, पोलंड आणि पूर्व जर्मनी होते. शिवाय कोणत्याच लष्करी गटात नसलेले स्वीडन आणि फिनलंडही होते. शीतयुद्ध चालू होते, सीमांवर काटेरी तारा होत्या आणि समुद्रात दोन्ही बाजूंच्या पाणबुड्या फिरत होत्या. अशा वेळी या सातही देशांनी ज्या विषयावर एकमत केले तो विषय होता बाल्टिक समुद्रात जाणारी घाण.

एका समुद्राभोवतीच्या सगळ्या देशांनी मिळून जमीन, जहाजे आणि हवा अशा तिन्ही मार्गांनी होणाऱ्या प्रदूषणावर केलेला हा जगातला पहिला करार. त्याला आता पन्नासहून अधिक वर्षे झाली आहेत. या काळात समुद्री गरुड परतले, सील वाढले, कोट्यवधी लोकांच्या सांडपाण्यावर प्रक्रिया होऊ लागली. तरीही हा समुद्र अजून आजारीच आहे आणि २०२२ पासून त्याचे सगळे शेजारी एका टेबलावर बसलेले नाहीत. हा करार कसा झाला, त्यातून काय मिळाले आणि कुठे घोडे अडले, हे समजून घेऊ.

बाल्टिक समुद्र इतका नाजूक का?

बाल्टिक हा उत्तर युरोपातला, जवळजवळ चारही बाजूंनी जमिनीने वेढलेला समुद्र. क्षेत्रफळ सुमारे ४ लाख १५ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या साधारण सव्वापट ते दीडपट. पण खोली फार कमी. सरासरी खोली जेमतेम ५५ मीटरच्या आसपास भरते. सर्वात खोल जागाही ४५९ मीटरच आहे.

महासागराशी त्याचा संबंध फक्त डेन्मार्क आणि स्वीडनमधल्या अरुंद, उथळ सामुद्रधुन्यांतून येतो. त्यामुळे बाल्टिकचे सगळे पाणी बदलायला २५ ते ३० वर्षे लागतात. आज एखादे घातक रसायन त्यात गेले, तर ते पुढची कित्येक वर्षे तिथेच फिरत राहते.

दुसरी अडचण पाण्याची. शेकडो नद्या बाल्टिकमध्ये गोडे पाणी आणून ओततात, म्हणून त्याचे पाणी मचूळ आहे. मध्य भागात वरच्या थराचा खारटपणा महासागराच्या साधारण एक पंचमांश असतो. खालचे जड, खारे पाणी आणि वरचे हलके, गोडसर पाणी यांची सहसा सरमिसळ होत नाही. त्यामुळे तळाला प्राणवायू पोहोचणे मुळातच कठीण.

तिसरी अडचण माणसांची. समुद्राच्या चौपट आकाराच्या प्रदेशाचे पाणी बाल्टिकमध्ये उतरते. या पाणलोट क्षेत्रात १४ देशांचा भाग येतो आणि सुमारे साडेआठ कोटी लोक राहतात. त्यांची शेती, कारखाने आणि संडास यांचा शेवटचा थांबा हाच समुद्र.

किनारा आज नऊ देशांच्या वाट्याला आला आहे : स्वीडन, फिनलंड, रशिया, एस्टोनिया, लॅटव्हिया, लिथुआनिया, पोलंड, जर्मनी आणि डेन्मार्क. यातल्या एकाने आपला किनारा कितीही स्वच्छ ठेवला, तरी शेजाऱ्याची घाण त्याच्याकडे येणारच.

समुद्राला नेमके झाले काय होते?

दुसऱ्या महायुद्धानंतर या प्रदेशात कारखानदारी झपाट्याने वाढली. कागद आणि लगद्याचे कारखाने, रसायन उद्योग, रासायनिक खतांवरची शेती आणि वाढती शहरे यांचे पाणी प्रक्रियेविनाच समुद्रात जात होते.

१९६० च्या दशकात स्वीडन आणि फिनलंडच्या पक्षीनिरीक्षकांना एक विचित्र गोष्ट दिसू लागली. पांढऱ्या शेपटीच्या समुद्री गरुडांच्या घरट्यांत अंडी होती, पण पिल्ले नव्हती. कवच इतके पातळ झाले होते की अंडी फुटत किंवा उबतच नसत. कारण होते डीडीटी हे कीटकनाशक. ते आधी माशांच्या शरीरात आणि तिथून मासे खाणाऱ्या गरुडांच्या शरीरात साठत होते.

राखाडी सीलचेही तसेच झाले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बाल्टिकमध्ये हे सील ८० हजार ते एक लाख असावेत, असा अंदाज आहे. आधी शिकारीने त्यांची संख्या घटली. मग वीज उपकरणांत वापरल्या जाणाऱ्या ‘पीसीबी’ गटातल्या रसायनांमुळे माद्या वांझ होऊ लागल्या. १९७० च्या दशकात जेमतेम काही हजार सील उरले.

मासे खाऊन गरुड मरत असतील तर तेच मासे माणसेही खातात, हे सगळ्यांना दिसत होते. प्रश्न फक्त पक्ष्यांचा राहिला नव्हता.

शीतयुद्धात करार झालाच कसा?

१९७२ च्या जूनमध्ये स्टॉकहोममध्ये संयुक्त राष्ट्रांची मानवी पर्यावरणावरची पहिली मोठी परिषद झाली. भारताच्या पंतप्रधान इंदिरा गांधी याच परिषदेत बोलल्या होत्या. परिषद बाल्टिकच्या काठावरच भरली होती, पण बाल्टिकचे निम्मे शेजारी तिथे आलेच नाहीत. पूर्व जर्मनीला निमंत्रण नाही म्हणून सोव्हिएत संघ आणि त्याच्या मित्रदेशांनी परिषदेवर बहिष्कार घातला होता.

बाल्टिकच्या करारापुढेही अडचण हीच होती. पश्चिम जर्मनी पूर्व जर्मनीला देश मानायला तयार नव्हता, मग दोघे एका कागदावर सही कशी करणार? पूर्व जर्मनीला बाजूला ठेवावे, तर तिच्या किनाऱ्यावरची घाण तशीच राहणार.

ही कोंडी पर्यावरणाच्या बाहेर फुटली. डिसेंबर १९७२ मध्ये दोन्ही जर्मनींनी परस्परसंबंधांचा करार केला. १९७३ मध्ये दोघांनाही संयुक्त राष्ट्रांचे सदस्यत्व मिळाले. त्याच वर्षी पोलंडमधल्या ग्डान्स्क शहरात बाल्टिकच्या मासेमारीबाबत एक करार झाला आणि पुढच्या वर्षी हेलसिंकी करार.

पुढाकार फिनलंडचा होता, आणि त्याला कारण होते. सोव्हिएत संघाशी लांबच लांब सीमा असलेल्या या छोट्या देशाला दोन्ही गोटांशी बोलता येत होते. पाणी आणि मासे हा त्यातल्या त्यात कमी वादाचा विषय होता. त्यावर बोलणी चालू राहिली तर बाकीच्या गोष्टींवरही संवाद टिकेल, असा त्यामागचा हिशेब होता.

करारात एक मोठी पळवाटही होती. देशांचे ‘अंतर्गत जल’, म्हणजे खाड्या, बंदरे आणि किनाऱ्याला अगदी लागून असलेले पाणी, त्यातून वगळले होते. शीतयुद्धात किनाऱ्यालगतची माहिती ही संरक्षणाची बाब मानली जाई. म्हणजे घाण जिथून सुरू होते, तिथेच शेजाऱ्यांना डोकावता येत नव्हते. तरी सातही देशांनी मंजुरी दिल्यावर ३ मे १९८० रोजी करार लागू झाला.

‘हेलकॉम’ काय आहे आणि ते काम कसे करते?

करार राबवण्यासाठी जो आयोग नेमला गेला, तो ‘हेलसिंकी आयोग’ किंवा ‘हेलकॉम’ या नावाने ओळखला जातो. त्याचे छोटे सचिवालय हेलसिंकीमध्ये आहे. अध्यक्षपद दर दोन वर्षांनी सदस्यांमध्ये फिरते. आज नऊ देश आणि युरोपीय संघ असे त्याचे दहा सदस्य आहेत.

हेलकॉमकडे पोलीस नाहीत, न्यायालय नाही आणि दंड करण्याचा अधिकारही नाही. निर्णय एकमताने होतात आणि ते शिफारशींच्या स्वरूपात असतात. कायदा करायचा तो प्रत्येक देशाने आपापल्या संसदेत. मग अशा संस्थेचे कोणी ऐकावे का?

तिचे खरे बळ मोजमापात आहे. पाण्यात काय, किती आणि कुठून येते, हे सगळ्या देशांनी एकाच पद्धतीने मोजायचे आणि आकडे एकत्र करायचे, असे ठरले. कोणत्या नदीतून किती नायट्रोजन आणि फॉस्फरस आला, माशांच्या शरीरात कोणते रसायन किती साठले, तळाचा प्राणवायू किती उरला, याच्या नोंदी कित्येक दशकांपासून चालू आहेत. आकडे सगळ्यांसमोर असले की ‘आमच्याकडून काहीच जात नाही’ असे म्हणता येत नाही.

याचे एक बोलके उदाहरण रशियातल्या लुगा नदीचे. ही नदी फिनलंडच्या आखातात मिळते. तिच्यातून हिशेबापेक्षा कितीतरी जास्त फॉस्फरस येतो, असे मोजमापात दिसले. शोध घेता घेता माग किंगिसेप शहराजवळच्या एका खत कारखान्याच्या टाकाऊ मालाच्या ढिगाऱ्यांपर्यंत पोहोचला. २०१२ मध्ये तिथल्या पाण्यावर प्रक्रिया सुरू झाली आणि आखातात जाणारा फॉस्फरस मोठ्या प्रमाणात घटला. एका ढिगाऱ्याची गळती अनेक शहरांच्या सांडपाण्याइतकी घातक होती, आणि ती सापडली ती नदीतले पाणी मोजल्यामुळे.

बर्लिनची भिंत पडल्यावर काय बदलले?

१९८९ ते १९९१ या तीन वर्षांत बाल्टिकभोवतीचा नकाशाच बदलला. दोन जर्मनी एक झाल्या. एस्टोनिया, लॅटव्हिया आणि लिथुआनिया स्वतंत्र झाले. सोव्हिएत संघ इतिहासजमा झाला. जुना करार या नव्या परिस्थितीला पुरणार नव्हता.

९ एप्रिल १९९२ रोजी नव्या हेलसिंकी करारावर सह्या झाल्या. तो १७ जानेवारी २००० पासून लागू झाला. त्यात तीन मोठे बदल होते. पहिला, अंतर्गत जलाची पळवाट बंद झाली. दुसरा, ‘प्रदूषण करील त्याने खर्च सोसावा’ हे तत्त्व करारात आले. तिसरा, एखाद्या पदार्थाचा धोका पुरता सिद्ध होण्याआधीही खबरदारीचे पाऊल उचलायचे, हे मान्य झाले.

त्याच वर्षी समुद्राभोवतीच्या सर्वाधिक प्रदूषण करणाऱ्या १३२ ठिकाणांची यादी तयार झाली. त्यांना ‘हॉटस्पॉट’ म्हटले गेले. यादीत शहरांची सांडपाण्याची व्यवस्था, कागद कारखाने, रसायन कारखाने, मोठी पशुपालन केंद्रे अशी नेमकी ठिकाणे होती. यादीतून नाव काढून घ्यायचे तर सुधारणा करून दाखवावी लागे. शेजाऱ्यांसमोर दरवर्षी तेच नाव वाचले जाणे कोणालाच आवडत नाही. गेल्या तीन दशकांत यातली बहुतांश ठिकाणे यादीबाहेर गेली.

१९९२ मध्येच ‘बाल्टिक समुद्र राज्य परिषद’ ही सरकारांची वेगळी संस्थाही स्थापन झाली. किनाऱ्यावरचे नऊ देश, नॉर्वे आणि युरोपीय आयोग हे तिचे पहिले सदस्य. आइसलंड १९९५ मध्ये आला. हेलकॉम समुद्राकडे पाहते, तर या परिषदेने ऊर्जा, वाहतूक, सुरक्षा आणि शिक्षण असे व्यापक विषय घेतले.

‘बाल्टिक २१’ काय होते?

१९९२ च्या रिओ परिषदेत ‘अजेंडा २१’ नावाचा शाश्वत विकासाचा जागतिक आराखडा मंजूर झाला होता. शाश्वत विकास म्हणजे आजची गरज भागवताना पुढच्या पिढ्यांच्या वाटणीचे संपवून न टाकणे. बहुतेक देशांनी त्यावरून आपापले राष्ट्रीय आराखडे केले. बाल्टिकच्या देशांनी मात्र सगळ्या प्रदेशाचा मिळून एकच आराखडा करायचे ठरवले.

१९९६ मध्ये स्वीडनच्या विस्बी शहरात सरकारप्रमुखांच्या बैठकीत या कामाला सुरुवात झाली. १९९८ मध्ये डेन्मार्कमधल्या नायबोर्ग इथे परराष्ट्रमंत्र्यांनी ‘बाल्टिक २१’ मंजूर केले. एखाद्या प्रदेशाने मिळून केलेला जगातला हा पहिला ‘अजेंडा २१’.

त्यात शेती, ऊर्जा, मासेमारी, वने, उद्योग, पर्यटन आणि वाहतूक असे सात विषय होते. पुढे शिक्षणाचीही भर पडली. समुद्र साफ करायचा तर किनाऱ्यावर पाइप बदलून भागत नाही. लोक काय पिकवतात, वीज कशी तयार करतात, माल कसा नेतात, हेही बदलावे लागते, ही त्यामागची समज होती. हेलकॉमच्या यादीसारखी नेमकी ठिकाणे आणि हिशेब मात्र या आराखड्यात नव्हते, म्हणून त्याचा परिणाम मोजून दाखवणे अवघड गेले.

शेजाऱ्याच्या गटारावर पैसे का खर्च केले?

बाल्टिकच्या सहकार्यातली सगळ्यात मोठी गोष्ट सेंट पीटर्सबर्गची. ५० लाखांहून अधिक लोकवस्तीचे हे रशियन शहर नेवा नदीच्या मुखाशी आहे. १९७८ मध्ये पहिले मध्यवर्ती प्रक्रिया केंद्र सुरू होईपर्यंत इथले मैलापाणी थेट पाण्यात सोडले जाई. त्यानंतरही बराच भाग तसाच राहिला. शहराच्या नैऋत्य भागासाठी १९८० च्या दशकात सुरू झालेले केंद्र सोव्हिएत संघ कोसळल्यावर अर्धवट पडून राहिले.

समोरच्या किनाऱ्यावर हेलसिंकी. फिनलंडच्या आखातात उन्हाळ्यात दाटणाऱ्या शेवाळाचा त्रास फिनिश लोकांना होत होता. फिनलंडने आपल्या शहरांचे सांडपाणी आधीच बऱ्यापैकी स्वच्छ केले होते. तिथे आणखी एक किलो फॉस्फरस कमी करायला जेवढा खर्च येई, तेवढ्यात सेंट पीटर्सबर्गमध्ये कितीतरी जास्त फॉस्फरस रोखता येत होता. म्हणून शेजाऱ्याच्या गटारावर पैसे घालणे हा दानधर्म नव्हता, तो सरळ व्यवहार होता.

नॉर्डिक गुंतवणूक बँक, युरोपीय पुनर्बांधणी व विकास बँक, फिनलंड, स्वीडन आणि युरोपीय संघ यांनी कर्जे आणि अनुदाने दिली. रशियानेही आपला वाटा उचलला. सप्टेंबर २००५ मध्ये नैऋत्य केंद्र सुरू झाले, तेव्हा रशियाचे अध्यक्ष व्लादिमिर पुतिन, फिनलंडच्या अध्यक्ष तार्या हालोनेन आणि स्वीडनचे पंतप्रधान योरान पेर्शोन उद्घाटनाला एकत्र उभे होते. फिनलंडमधल्या जॉन नुर्मिनेन फाउंडेशनने शहराच्या मोठ्या केंद्रांत फॉस्फरस वेगळा काढण्याच्या कामाला मदत केली. २०१३ मध्ये उत्तरेकडचा सांडपाण्याचा मोठा बोगदा पूर्ण झाल्यावर शहराचे जवळजवळ सगळे सांडपाणी प्रक्रियेखाली आले.

पोलंडची राजधानी वॉर्सा हे दुसरे उदाहरण. विस्तुला नदीच्या डाव्या तीरावरच्या वॉर्साचे बरेचसे सांडपाणी २०१२ पर्यंत प्रक्रियेविनाच नदीत आणि तिथून बाल्टिकमध्ये जात होते. युरोपीय संघाच्या निधीतून ‘चायका’ प्रक्रिया केंद्र वाढवल्यावर ते थांबले. पण ऑगस्ट २०१९ मध्ये त्या केंद्राकडे सांडपाणी नेणारी वाहिनी बिघडली आणि काही दिवस घाण पाणी पुन्हा नदीत सोडावे लागले. पुढच्याच वर्षी तोच प्रकार पुन्हा झाला. प्रक्रिया केंद्र एकदा बांधून काम संपत नाही, ते चालवत राहावे लागते, हे यातून सगळ्यांना कळले.

या सहकार्यातून काय मिळाले?

पहिले यश गरुडांचे. डीडीटी आणि पीसीबी यांच्यावर बंदी आल्यानंतर काही दशकांत अंड्यांची कवचे पुन्हा जाड झाली. पांढऱ्या शेपटीचे गरुड बाल्टिकच्या किनाऱ्यांवर परत दिसू लागले. राखाडी सीलची मोजणीतली संख्या आता ४० हजारांच्या पुढे गेली आहे. काही ठिकाणी तर सील जाळी फाडून मासे पळवतात, अशी मच्छीमारांची तक्रार असते.

दुसरे यश तेलाचे. जहाजे टाक्या धुऊन तेलकट पाणी गुपचूप समुद्रात सोडत. १९८९ मध्ये हवाई पाहणीत असे ७६३ तवंग सापडले होते. अलीकडच्या वर्षांत हा आकडा शंभराच्या आसपास किंवा त्याहून खाली आला आहे, तोही जहाजांची वाहतूक वाढलेली असताना.

यामागे विमानांची गस्त आहेच, पण एक साधी युक्तीही आहे. पूर्वी बंदरात घाण पाणी आणि कचरा उतरवायचा तर वेगळे पैसे पडत. मग कप्तान तो समुद्रातच टाकी. बाल्टिकच्या बंदरांनी हा खर्च बंदर शुल्कातच धरायला सुरुवात केली. कचरा उतरवा किंवा नका उतरवू, पैसे तेवढेच. साहजिकच समुद्रात टाकण्यात फायदा उरला नाही.

तिसरे यश प्रवासी जहाजांचे. बाल्टिकमध्ये क्रूझ आणि फेरीबोटींची प्रचंड वर्दळ असते. या देशांच्या मागणीवरून आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने २०११ मध्ये बाल्टिकसाठी खास नियम केला. त्यानुसार प्रवासी जहाजांना प्रक्रिया न केलेले मैलापाणी बाल्टिकमध्ये सोडता येत नाही. नव्या जहाजांना हा नियम २०१९ पासून आणि जुन्यांना २०२१ पासून लागू झाला. रशियन बंदरांकडे थेट जाणाऱ्या-येणाऱ्या जहाजांना २०२३ पर्यंत सवलत होती.

मग समुद्र अजून आजारी का?

कारण सगळ्यात मोठा प्रश्न सुटलेला नाही. तो म्हणजे अतिपोषण.

शेतातले खत आणि जनावरांचे मलमूत्र पावसाने वाहून नदीत आणि नदीतून समुद्रात येते. त्यातल्या नायट्रोजन आणि फॉस्फरसवर शेवाळ माजते. उन्हाळ्यात बाल्टिकवर पसरलेले नीलहरित शेवाळाचे पट्टे उपग्रहाच्या छायाचित्रांतही दिसतात. काही प्रकार विषारी असल्याने किनाऱ्यांवर पोहायला बंदी घालावी लागते. मेलेले शेवाळ तळाला जाऊन कुजते आणि तिथला उरलासुरला प्राणवायू संपवते. बाल्टिकच्या तळाशी डेन्मार्क देशाहूनही मोठ्या पट्ट्यात मासे जगू शकतील एवढा प्राणवायू उरलेला नाही.

१९८८ मध्ये देशांच्या मंत्र्यांनी १९९५ पर्यंत ही पोषकद्रव्ये निम्म्यावर आणायचे ठरवले होते. शहरे आणि कारखान्यांकडून बरेचसे साधले, शेतीकडून नाही. २००७ मध्ये पोलंडमधल्या क्राकोव्ह शहरात ‘बाल्टिक समुद्र कृती आराखडा’ मंजूर झाला. समुद्राला झेपेल एवढेच नायट्रोजन आणि फॉस्फरस किती, हे ठरवून त्यात प्रत्येक देशाला कपातीचा वाटा दिला गेला. २०१३ च्या सुधारित हिशेबानुसार ही मर्यादा वर्षाला सुमारे ७ लाख ९२ हजार टन नायट्रोजन आणि सुमारे २१ हजार ७०० टन फॉस्फरस अशी आहे. २०२१ पर्यंत समुद्र चांगल्या स्थितीत आणायचा होता. ते झाले नाही. २०१६ ते २०२१ या काळाचा आढावा घेतला तेव्हाही समुद्राचा ९० टक्क्यांहून अधिक भाग अतिपोषणाने ग्रासलेला होता.

शेतीवर गाडी का अडते? सांडपाण्याच्या पाइपाला एक तोंड असते, तिथे केंद्र बांधता येते. शेतीचे तसे नाही. लाखो शेतांतून थोडे थोडे खत वाहून येते. शेतकऱ्याने कमी खत वापरावे, नदीकाठची पट्टी मोकळी सोडावी, पाणथळ जागा पुन्हा तयार कराव्यात, हे उपाय माहीत आहेत. पण त्याचा भुर्दंड शेतकऱ्यावर पडतो आणि प्रत्येक देशात शेतकऱ्यांची मते मोलाची असतात. समुद्राविषयीचे निर्णय पर्यावरणमंत्री घेतात, शेतीचे अनुदान मात्र दुसऱ्या खात्याकडून जाते.

त्यातच जुने देणेही आहे. कित्येक दशकांत तळाच्या गाळात साठलेला फॉस्फरस प्राणवायू संपला की पुन्हा पाण्यात मिसळतो. म्हणून आज घाण येणे पूर्ण थांबले, तरी समुद्र सावरायला अनेक दशके लागतील.

याचा फटका माशांना बसला. पूर्व बाल्टिकमधल्या कॉड माशाला अंडी तरंगण्यापुरता खारटपणा आणि प्राणवायू दोन्ही असलेले पाणी लागते. तसे पाणी आटत गेले, त्यात मासेमारीचीही भर होती. अखेर जुलै २०१९ मध्ये युरोपीय संघाने तिथल्या कॉड मासेमारीवर तातडीची बंदी घातली. त्यानंतर दुसरे मासे पकडताना जाळ्यात चुकून आलेल्या कॉडपुरतीच मुभा आहे. पिढ्यान्‌पिढ्या कॉडवर पोट भरणाऱ्या गावांत होड्या किनाऱ्याला लागल्या.

२०२२ नंतर काय झाले?

फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर आक्रमण केले. मार्चमध्ये बाल्टिक समुद्र राज्य परिषदेने रशियाला निलंबित केले आणि मे महिन्यात रशियाने स्वतःच ती परिषद सोडली. हेलकॉममध्ये रशिया कागदोपत्री सदस्य आहे, पण बाकीच्या सदस्यांनी त्याच्यासोबतच्या बैठका थांबवल्या. उरलेले आठ देश आणि युरोपीय संघ अनौपचारिक बैठका घेऊन काम चालवतात.

याचा अर्थ असा, की नेवा नदीतून आणि कॅलिनिनग्राडच्या किनाऱ्यावरून काय येते याची संयुक्त चर्चा थांबली आहे. निर्णय एकमताने घ्यायची पद्धत असल्याने औपचारिक निर्णयही अडकतात.

याच काळात समुद्रावरचे धोके वाढले. २६ सप्टेंबर २०२२ रोजी बोर्नहोम बेटाजवळ नॉर्ड स्ट्रीम वायुवाहिन्यांवर स्फोट झाले आणि प्रचंड प्रमाणात मिथेन बाहेर पडला. ऑक्टोबर २०२३ मध्ये फिनलंड-एस्टोनिया वायुवाहिनीचे नुकसान झाले. निर्बंध चुकवून रशियन तेल नेणारी जुनी टँकर जहाजे फिनलंडच्या आखातातून जातात. त्यांच्या विम्याची आणि देखभालीची खात्री नसते. मोठी गळती झाली, तर तेल कोणाच्या हद्दीत आहे हे पाहून थांबणार नाही.

शीतयुद्धात सोव्हिएत संघ टेबलावर होता. आज रशिया नाही. फिनलंड २०२३ मध्ये आणि स्वीडन २०२४ मध्ये ‘नाटो’त गेले, म्हणजे दोन्ही बाजूंशी बोलू शकणारा मधला शेजारीही उरला नाही.

भारताच्या शेजारच्या समुद्रांत असे काही आहे का?

आहे, पण बरेच सैल. दक्षिण आशियाई देशांची पर्यावरण सहकार्य संस्था १९८२ मध्ये स्थापन झाली. तिचे मुख्यालय कोलंबोमध्ये आहे. १९९५ मध्ये नवी दिल्लीत भारत, पाकिस्तान, बांगलादेश, श्रीलंका आणि मालदीव या पाच किनारी देशांनी ‘दक्षिण आशियाई समुद्र कृती आराखडा’ स्वीकारला. तेलगळतीच्या वेळी एकमेकांना मदत करण्याची व्यवस्थाही ठरली. त्यासंबंधीच्या सामंजस्य कराराला भारताच्या केंद्रीय मंत्रिमंडळाने २०१८ मध्ये मंजुरी दिली.

हेलसिंकीसारखा बंधनकारक करार मात्र या पाच देशांत नाही. कोणत्या नदीतून किती घाण येते याचा सगळ्यांसमोर ठेवलेला सामाईक हिशेबही नाही. अरबी समुद्र आणि बंगालचा उपसागर बाल्टिकसारखे बंदिस्त नाहीत, त्यांचे पाणी महासागराशी खेळते असते. त्यामुळे धोका तितका लगेच दिसत नाही. पण एकाचे तेल आणि प्लॅस्टिक दुसऱ्याच्या किनाऱ्याला लागते, हे इथेही खरे आहे.

पुढे काय?

ऑक्टोबर २०२१ मध्ये जर्मनीतल्या ल्युबेक शहरात बाल्टिकचा सुधारित कृती आराखडा मंजूर झाला. तेव्हा रशियासह सगळे सदस्य हजर होते. त्यात १९९ कामे आहेत आणि ती २०३० पर्यंत पूर्ण करायची आहेत. खतांचा वापर, पाण्याखालचा आवाज, समुद्रातला कचरा, संरक्षित क्षेत्रे, हवामान बदल असे विषय त्यात येतात.

त्यातली कित्येक कामे प्रत्येक देशाला आपल्या हद्दीत एकट्यानेही करता येण्यासारखी आहेत. आठ देश ती करत आहेत. खरा कस दोन ठिकाणी लागेल : शेतातून वाहणारे खत रोखण्याची राजकीय तयारी होते का, आणि युद्ध थांबल्यावर नवव्या शेजाऱ्याशी निदान पाण्याच्या आकड्यांपुरते बोलणे पुन्हा सुरू होते का. तोवर नेवा नदी रोज बाल्टिकला मिळतच राहणार आहे.